टेबल मांडून ठेव, माणसं येतील

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आवडत्या गेमला खेळाडू उरले नाहीत म्हणून तू पोस्टरं लावायची म्हणतोस. लाव, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. मिनिएचरचा गेम, म्हणजे टेबलावर छोट्या आकृत्यांची सैन्यं लढवायचा खेळ, माणूस पोस्टर वाचून सुरू करत नाही. रंगवलेल्या आकृत्यांनी भरलेलं टेबल दिसलं की तो थबकतो, हातात फासे मिळाले की बसतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंचं सैन्य तूच तयार कर. पहिले दोन-तीन डाव तरी नव्या माणसाला काही विकत घ्यावं लागता कामा नये.

डेमो छोटा ठेव. पूर्ण खेळाचं १८० बाय १२० सेंमीचं टेबल नको, ६० बाय ६० सेंमीचा बोर्ड पुरे. प्रत्येक बाजूला पाच आकृत्या, तीन फेऱ्या, अर्धा तास. चाल, नेमबाजी आणि हातघाई एवढंच शिकव. मनोधैर्याचे नियम, खास क्षमता, जादू सगळं पुढच्या डावाला. पुढे धावत जाऊन भिडणारं सैन्य पाहुण्याला दे आणि पहिली चाल त्याचीच असू दे. दोन मिनिटांत त्याने फासे टाकलेले असायला हवेत. नियमांचं प्रवचन लांबलं की माणूस मान डोलावतो आणि पुन्हा फिरकत नाही.

डेमो सगळ्यात जास्त फसतो तो मोकळ्या बोर्डामुळे. आडोसा नसेल तर पहिल्याच फेरीत नेमबाज समोरच्याच्या निम्म्या आकृत्या उचलायला लावतात. एवढ्या बोर्डावर सहा ते आठ अडथळे हवेत आणि त्यातले निदान तीन २८ मिमीची आकृती बेससकट, म्हणजे पायाखालच्या चकतीसकट, पूर्ण झाकतील असे, म्हणजे पाचेक सेंमी उंच. ते फोमचे करणार असशील तर थेट रंगाचा स्प्रे मारू नकोस. त्यातलं द्रावक फोम खातं आणि भिंतीला भोकं पडतात. आधी पांढरा गोंद आणि काळा ॲक्रिलिक रंग मिसळून सगळीकडून, कडा आणि खाचांसकट, दोन हात दे. तो पूर्ण वाळल्यावर हवं ते कर.

आकृत्यांवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा स्प्रे, मारताना डबा दोन मिनिटं हलव आणि २० ते ३० सेंमी अंतरावरून झरझर फिरव. हवा दमट असेल तर थांब, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चेहऱ्याचं कोरीवकाम बुजतं. रंग पाण्याने पातळ करून दोन हात दे. या सैन्याला सगळ्यांचे हात लागणार, तेव्हा शेवटी वार्निश हवंच. जुन्या आकृत्या मिळाल्या तर आधीचा रंग काढायला प्लास्टिकच्या नि धातूच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून मऊ टूथब्रशने घास. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. ॲसिटोन मात्र नको, प्लास्टिक विरघळतं.

आता माणसांचं. महिन्यातले दोन ठरलेले दिवस, तीच वेळ, तीच जागा. कुणी येणार नाही असं वाटलं तरी टेबल मांडच. दिवस एकदा चुकला की उशिरा येणाऱ्याचा भरवसा उडतो. किती जणांनी डेमो पाहिला ते मोजू नकोस, दुसऱ्यांदा किती जण आले ते मोज. डाव संपला की पुढची तारीख त्याच टेबलावर ठरव. आणि दुसऱ्या गेमच्या खेळाडूंना तो सोडायला सांगू नकोस. त्यांच्या गेमच्या जोडीला खेळता येणारा, पाच आकृत्यांत होणारा गेम म्हणून बोलाव.

चार-पाच जण जमले की सहा आठवड्यांची लीग काढ. दोन आठवडे पाच आकृत्या, पुढचे दोन आठ, शेवटचे दोन बारा. डाव खेळल्याचा एक गुण, नवी आकृती रंगवल्याचा एक, नव्या प्रतिस्पर्ध्याशी खेळल्याचा एक, आणि जिंकल्याचाही एकच. फक्त विजयाला गुण दिलेस तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत हरणारे गळतात आणि मुरलेले दोघे एकमेकांशी खेळत बसतात. त्या मुरलेल्यांना आधीच बजाव: नवख्यासमोर घोटून तयार केलेलं सैन्य आणायचं नाही, आणि गेम मरतोय हे रडगाणं टेबलाजवळ गायचं नाही.

कंपनीने हात काढला म्हणजे गेम संपला असं नाही. ‘ब्लड बाउल’ हा असाच आकृत्यांचा गेम दुकानांतून जवळपास गेला होता, पण चाहत्यांनी लीगा चालू ठेवल्या आणि २०१६ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. ‘एक्स-विंग’ या दुसऱ्या मिनिएचर गेमचं पुढचं काम २०२४ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं, तरी चाहते तो खेळतायत. तू नियमपुस्तकाची, आकृत्यांच्या गुणतक्त्यांची आणि बेसच्या मापांची छापील प्रत आत्ताच करून ठेव. त्याच मापाच्या बेसवर दुसऱ्या कंपनीची आकृती चालेल, हेही पहिल्या दिवसापासून जाहीर कर.

किल्ली, टेबलं, निरोप सगळं एकट्याने ओढू नकोस. दुसऱ्यांदा येणाऱ्यांतूनच एकाला डेमो द्यायला शिकव आणि महिन्यातला एक दिवस पूर्ण त्याच्यावर सोपव. त्या दिवशी तू फक्त खेळायला जा.

तुझी,
आई