ज्यो हा पिपचा काका नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांसाठी चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा संक्षिप्त मराठी अवतार क्रमशः येतो आहे. नात वाचते, तिच्या खांद्यावरून मीही वाचते. उपक्रम चांगलाच आहे. मूळ कादंबरीही अशीच हप्त्याहप्त्याने आली होती. १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ असे ३६ आठवडे डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ती चालली. आता ५९ प्रकरणं थोडक्या रविवारांत बसवायची म्हणजे कात्री लागणार, हे मान्य. पण गेल्या रविवारी ती नको तिथे लागली. कादंबरीचा नायक पिप लंडनला राहायला गेल्यानंतरचा भाग होता, आणि त्यात एवढंच छापलं होतं : ‘एकदा ज्योकाका लंडनला येऊन पिपला भेटून गेले. पिपला फार आनंद झाला.’

दोन वाक्यं, आणि दोन्ही चुकली आहेत.

आधी दुसरं वाक्य. पिपला आनंद मुळीच झाला नव्हता. ज्यो येतोय असं पत्र आल्यावर, पैसे मोजून त्याचं येणं टळलं असतं तर मी नक्की मोजले असते, अशी कबुली पिप स्वतःच देतो. हे सांगणारा पिप आता मोठा झालेला आहे आणि आपल्या जुन्या वागण्यावर पांघरूण घालत नाही. अनाथ पोर श्रीमंत झालं ही गोष्ट तर कुणीही सांगेल. डिकन्सने सांगितली ती त्या पोराला आपल्या माणसाची लाज कशी वाटली आणि पुढे त्या लाजेचीच लाज कशी वाटली, याची. तुमच्या ‘फार आनंद झाला’ने ती पुसून टाकली.

आता ‘ज्योकाका’. ज्यो गार्जरी हा गावचा लोहार, पिपच्या बहिणीचा नवरा, आमच्या सांगली-मिरजेकडे ज्याला दाजी म्हणतात तो. पिपचे आईबाप आणि पाच भाऊ केंटमधल्या दलदलीकाठच्या स्मशानात पुरलेले. आईबापांचा चेहरा त्याने पाहिलेला नाही. थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून बाप रुंद, काळसर, कुरळ्या केसांचा असावा असं ते पोर ठरवून टाकतं. वीसेक वर्षांनी मोठ्या बहिणीने त्याला वरच्या दुधावर वाढवलं. इंग्रजीत याला ‘हाताने वाढवणं’ म्हणत. बाईंचा हात धाकट्या भावावर जितका उठायचा तितकाच नवऱ्यावरही, त्यामुळे आम्ही दोघेही हातानेच वाढलो असणार, असं पिपला वाटतं. (ही कोटी मराठीत आणणं अवघड आहे. ती सोडल्याबद्दल तक्रार नाही.)

म्हणजे हे दोघे एकाच छडीखालचे सोबती. संध्याकाळी चुलीपाशी बसून आपापला पाव खाताना, कुणी किती खाल्ला ते एकमेकांना गुपचूप दाखवायचे. ज्यो म्हणजे मोठ्या आकाराचं लहान मूलच, माझ्या बरोबरीचं, असं पिप सांगतो. अशा माणसाला ‘काका’ आणि ‘तुम्ही’ कसं चालेल? पिपने त्याला ‘अरे ज्यो’च म्हणायला हवं. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून आपण ‘तुम्ही’ घातलं असेल, पण मग पुढे जे घडतं ते दाखवायला हातात काही उरतच नाही.

पुढे घडतं ते असं. सत्ताविसाव्या प्रकरणात ज्यो नवे कपडे चढवून पिपच्या लंडनमधल्या बिऱ्हाडी, बार्नर्ड्स इनमध्ये येतो. पायऱ्यांवरच्या त्याच्या जड बुटांच्या आवाजावरून पिपला कळतं की ज्यो आला. हातातली हॅट कुठे ठेवावी हे ज्योला सुचत नाही. शेवटी तो ती शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला टेकवतो आणि ती सारखी पडत राहते. ती झेलण्यासाठी त्याची जी तारांबळ उडते तिला डिकन्सने चक्क यष्टिरक्षणाची उपमा दिली आहे. चहा की कॉफी विचारलं तर ‘तुम्हाला आवडेल ते’. बरं मग कॉफी? तर ती जरा उष्ण पडते, नाही का? आणि हे सगळं बोलताना ज्या पोराला पाठीवर घेऊन दलदलीतून फिरवलं, त्याला ज्यो ‘सर’ म्हणतो. पिप चिडतो. मला ‘सर’ काय म्हणतोस! आपणच अवघडून बसलोय म्हणून तो अवघडलाय, हे मात्र त्या घडीला त्याच्या डोक्यात येत नाही.

ज्यो निघायला उठतो, दोघांची नजर मिळते आणि त्याच्या मनातला सगळा ‘सर’ विरघळून जातो. शब्दशः असंच लिहिलंय डिकन्सने. मग ज्यो म्हणतो ते साधारण असं : आयुष्य म्हणजे ताटातुटीच्या तुकड्यांना सांधा मारून केलेली वस्तू आहे बाबा, कुणी लोहार, कुणी सोनार, कुणी तांबट. लंडनमध्ये आपण दोघांनी एकत्र दिसायचं नाही. माझं चुकतं ते या कपड्यांत, भट्टीबाहेर. तू भट्टीच्या खिडकीत डोकाव, मी जुन्या ऐरणीपाशी जुना जळका एप्रन घालून असेन, मग तुला माझ्यात इतकी खोट दिसायची नाही.

संपादक महोदय, इंग्रजीत आपल्यासारखं तू आणि तुम्ही नाही. डिकन्सला हे सगळं एका ‘सर’वर आणि ज्योच्या मायेच्या एका ‘ओल्ड चॅप’वर पेलावं लागलं. मराठीला ते आयतं मिळालंय. ज्योच्या तोंडी एकाच वाक्यात ‘तू’ निघतो, तो गिळून ‘तुम्ही’ येतं, वर ‘साहेब’ येतो. दाराशी पुन्हा ‘तू’. अनुवादकाला असं घबाड क्वचित लाभतं, आणि आपण ते दोन ओळींत उरकलंत.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. नववीला या कादंबरीचं बारीकसं पुस्तक पूरक वाचनाला होतं. हॅटचा प्रसंग मराठीतून सांगितला की वर्ग खिदळायचा. एका वर्षी ज्योच्या तोंडी ‘येऊ का साहेब?’ घातलं, तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, दाजीनं मेहुण्याला साहेब म्हणायचं?’ ज्या घरात मान दाजीचा असतो तिथल्या पोराला त्यातली उलटापालट क्षणात कळली. परीक्षेत त्याला इंग्रजीत पस्तीसही पडत नसत.

पिपचं मोठं होणं कोण त्याला काय म्हणतं यावरून मोजता येतं. फिलिप पिरिप हे नाव लहानपणी जिभेला पेलेना म्हणून तो स्वतःच पिप झाला. श्रीमंत घरातली मुलगी एस्टेला त्याला नुसतं ‘पोऱ्या’ म्हणते आणि त्याच्या खरखरीत हातांना हसते. हातांची लाज वाटायला तिथून सुरुवात. लंडनचा मित्र हर्बर्ट त्याचं नाव ‘हँडेल’ ठेवतो, कारण ‘हार्मोनियस ब्लॅकस्मिथ’ म्हणजे ‘सुरेल लोहार’ ही हँडेल या संगीतकाराची रचना. भट्टीपासून एवढं पळून आला तरी नव्या नावात लोहार आहेच! आणि पैसा पाठवणाऱ्या अज्ञात दात्याची अट काय, तर नाव पिपच राहिलं पाहिजे. तो दाता निघतो लहानपणी स्मशानात भेटलेला कैदी मॅग्विच, ज्याला पिपने कानस आणि खाणं चोरून आणून दिलं होतं. त्याचा हात लागला तरी आधी पिपला शिसारी येते. अखेरीस मरणशय्येवरच्या मॅग्विचचा हात तोच धरून बसतो.

एक विनंती आहे. शेवटचे हप्ते अजून यायचे आहेत. पिप आजारी पडतो, ज्यो येऊन त्याची शुश्रूषा करतो, पण पिपला जरा बरं वाटू लागलं की हळूच पुन्हा ‘सर’ सुरू होतं. मग एका सकाळी ज्यो गेलेला असतो. मागे पिपच्या देण्याची फेडलेली पावती, १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सची, आणि एक चिठ्ठी. एकेकाळी छापील कागदावर स्वतःच्या नावातली जे आणि ओ ही दोन अक्षरंच ओळखणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली. ती चिठ्ठी गाळू नका. तिची इंग्रजी अशुद्ध आहे, मराठीतही अशुद्धच ठेवा, मुद्रितशोधकांना तेवढं सांगून ठेवा.

शेवट कुठला छापायचा ते आपण ठरवा. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने तो बदलला आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. मला दोन्ही चालतील. पण त्याआधी, परदेशात ११ वर्षं काढून पिप भट्टीवर परत येतो, तेव्हा चुलीपाशी त्याच्याच जुन्या स्टुलावर ज्योचा लहानगा बसलेला असतो. त्याचंही नाव पिप. ज्यो सांगतो, तुझ्यासाठीच ठेवलं रे. तिथे कृपा करून ‘तुमच्यासाठी’ छापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज