सूचना: पावसाच्या आधी गोधड्या आणि कापडं आवरून घ्या

सगळ्या गोधडीवाल्या मैत्रिणींनो, मृग तोंडावर आलाय, त्यामुळे आठवण करून देतेय. तयार गोधड्यांना कडक ऊन दाखवून घ्या, पण गडद लाल-निळ्या असतील तर उलट्या बाजूने घाला, नाहीतर रंग विटतो. आणि उन्हातून आणल्या की लगेच घडी घालू नका, आधी पंख्याखाली गार होऊ द्या.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं बंद करा बरं का! आत ओल अडकते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग काही केल्या जात नाहीत. जुन्या सुती चादरीत किंवा धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळा. पेपर अंथरायची सवय आहे आपल्याला, पण शाई लागते, फिक्या कापडाला तर नकोच.

जुन्या साड्या, धोतरं साठवताना खळ पूर्ण धुऊन काढा, कसर (कापड खाणारी कीड) तिच्यावरच येते. डांबर गोळ्या टाकणार असाल तर पुरचुंडीत बांधा, कापडाला थेट टेकू देऊ नका, जरीच्या काठांजवळ तर अजिबात नको, आणि लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. कडुनिंबाचा पाला चालतो पण खडखडीत वाळलेला हवा, ओला टाकला तर डाग पडतात.

घडी अधूनमधून बदलत राहा, एकाच रेषेवर कापड विरतं. सुया-टाचण्या काढल्यात ना ते पण बघा, गंजल्या की संपलं.

ज्यांच्याकडे जास्तीच्या चिंध्या असतील त्यांनी पुढच्या मीटिंगला धुऊन, वाळवून आणा, वाटून घेऊ.