जुन्या फोटोतलं काळं लुगडं काळंच असेल असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाशिकचे फोटो येतात ते आमच्या घरी सगळेच आवडीने बघतात, आई तर भिंग घेऊन बसते आणि हा अमक्यांचा वाडा, ही तमक्यांची ओसरी असं सांगत राहते. पण हल्ली तुम्ही हे फोटो ॲपमधून रंगीत करून छापायला लागलात आणि तिथे माझी गाडी अडली. एका फोटोत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, धुणं धुणाऱ्या बायका आहेत, सगळ्यांची लुगडी काळपट निळी नाहीतर करडी, आणि कपाळावर चक्क चॉकलेटी ठिपके. आई म्हणाली, चॉकलेटी कुंकू कुठल्या सवाष्णीनं लावलं होतं गं बाई! म्हणलं आता लिहूनच टाकू.

ॲपला दोष देऊन उपयोग नाही, त्याला फोटोत काळं दिसलं, त्यानं काळ्याच्या जवळपासचा रंग भरला. घोळ त्याच्या कितीतरी आधी, फोटो काढला त्याच क्षणी झालेला आहे. फोटोच्या प्लेटवर जे चांदीचे क्षार असतात त्यांना मुळात फक्त निळा-जांभळा उजेड कळतो. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन केमिस्टला सापडलं की त्यात ठराविक डाय मिसळला की हिरवा पण कळायला लागतो, त्याच त्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा. लाल मात्र तरी नाहीच. लाल कळणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या पण त्या पूर्ण अंधारात धुवाव्या लागायच्या, ऑर्थो कशी लाल दिव्यात बघत बघत धुता यायची, मग स्टुडिओवाले कशाला बदलतायत, पुढची बरीच वर्षं ते ऑर्थोवरच राहिले. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे जे फोटो आहेत त्यातले बरेचसे लाल न दिसणाऱ्या प्लेटेवरचे, आणि न दिसलेला रंग फोटोत काळा उमटतो. लाल शालू काळा, कुंकू काळं, विड्याने रंगलेले ओठ पण काळे.

हे वाचून माहीत होतं पण डोळ्यांनी बघावं म्हणून मुद्दाम करून पाहिलं. मी एरवी इलफर्डची एचपी-५ वापरतो, चारशे स्पीडची (स्पीड जितका जास्त तितका कमी उजेड पुरतो), सगळे रंग दिसणारी. त्याच कंपनीची ऑर्थो प्लस म्हणून फिल्म मिळते, ८० स्पीडची, ती मागवली, १२० चा रोल, माझ्याकडे जुना यशिका आहे दोन भिंगांचा त्यात बसणारा. (एका रोलच्या पैशात घरातल्या सगळ्यांची मिसळ होते आणि वर दही पण येतं, आणि फोटो मिळतात किती तर बारा. बायकोचं यावर वेगळं पत्र येऊ शकतं.) गच्चीवर सकाळच्या उन्हात तिचा लग्नातला लाल शालू दोरीवर टाकला, जरीचे काठ पुढे येतील असा, खाली पाटावर एक अर्धा पिकलेला टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, तांब्याचा तांब्या आणि पितळी डबा ठेवला, कुंकवाचा करंडा उघडून ठेवला. आधी एचपी-५ वर, मग तेच सगळं ऑर्थोवर.

एचपी-५ वरचा शालू मधल्या राखाडी रंगाचा आला, सौम्य, सभ्य, काठ जरा उजळ. ऑर्थोवर तोच शालू काळाकुट्ट आणि काठ त्यावर पांढरे उठून दिसतात, अगदी आमच्या देवघराशेजारी लावलेल्या पणजीच्या फोटोत आहे तस्सं. करंड्यातलं कुंकू म्हणजे काजळ वाटावं. पण मला सगळ्यात मजा आली ती टोमॅटोची. देठाकडचा हिरवा भाग उजळ आणि खालचा पिकलेला भाग काळा, मधे जिथे रंग पालटत होता तिथे तो करडेपणा हळूहळू उतरत जातो, एचपी-५ वर हाच टोमॅटो सगळीकडे जवळपास सारखा, पिकलाय का कच्चा कळत पण नाही. तांब्याचा तांब्या पितळी डब्यापेक्षा चांगलाच गडद. मग काय, उरलेले फोटो भांडी बाजारात आणि फुलवाल्यांकडे काढले, गुलशनाबादचे, म्हणजे आपल्या नाशिकचेच, लाल गुलाब काळे आणि पानं त्यांच्यापेक्षा उजळ. साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल गुलाब आणि हिरवं पान एकाच करड्यात मिसळून जातात आणि फोटो मरतो, इथे फूल पानावरून सुटं होऊन पुढे येतं.

माझी मुलगी म्हणते बाबा मोबाईलमध्ये लालचा स्लायडर खाली ओढला की हेच होतं. होतं ना, साधारण होतं, मी नाही म्हणत नाही. पण मला स्लायडर ओढून मजा यायची नव्हती, आणि तो जुना माणूस लाल दिव्यात काय बघत होता ते बघायचं होतं.

तर धुण्याचं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. एरवीची फिल्म टाकीत घालायची, झाकण लावायचं, घड्याळ लावायचं, आत काय चाललंय ते देवाला माहीत. ही फिल्म लाल उजेडात उघडी ट्रेमध्ये धुता येते. पण लाल म्हणजे कुठलाही लाल नव्हे हं, देवघरातला रंग दिलेला झिरोचा बल्ब चालत नाही, त्या रंगातून पिवळा-नारिंगी उजेड गळतो. लाल एलईडी बरा, तो पण चार फुटावर आणि भिंतीकडे तोंड करून. आणि आधी परीक्षा घ्यायची, रोलच्या शेवटी थोडी कोरी पट्टी उरते ती अंधारात कापून घ्यायची, तिच्यावर रुपया ठेवून लाल दिव्याखाली पाचेक मिनिटं तशीच राहू द्यायची, मग पूर्ण अंधारात डेव्हलप करायची. रुपयाचा गोल दिसला तर बल्ब बदला. मेनरोडच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी हे सांगितलं, ते म्हणाले आमच्या वेळी नवीन पोऱ्या आला की पहिलं काम हेच.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, मी घरीच करतो, डी-७६, कोडॅकचा १९२७ चा फॉर्म्युला आणि अजून त्याला तोड नाही. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम, तोच आपला बोरॅक्स. पाऊण लिटर पाणी पन्नास-एक डिग्रीचं घ्यायचं, त्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की मगच बाकीचं सल्फाइट, क्रम चुकला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. आपल्याकडे मोठा प्रश्न तापमानाचा, सगळे टाइम २० डिग्रीला दिलेले असतात आणि नाशकात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशीला टेकतं. माठातलं पाणी घ्यायचं, आणि ट्रे मोठ्या घमेल्यात ठेवून घमेल्यात बर्फ. अगदी २० नाही झालं तरी चालतं, २४ ला धरलं तर दहा मिनिटांचं काम सात मिनिटांत होतं, पण त्याहून गरम नको, टाइम पाच मिनिटांच्या खाली आला की फिल्मवर पट्टे पडायची भीती.

१२० चा रोल साधारण हाताभराहून लांब असतो, दोन्ही टोकांना चिमटे लावून ट्रेमधून झोक्यासारखी खालीवर फिरवत राहायची. पहिलं मिनिटभर काहीच नाही, दुधट पट्टी नुसती ओली होते. मग एका चौकटीत काळसर डाग उठतो आणि कळतं की ते आभाळ आहे, निगेटिव्हमध्ये उजेड आधी काळा होतो. मग दोरीवरच्या शालूची जर रेघेरेघेने येते आणि शालूच्या जागी काहीच येत नाही. पाच मिनिटं झाली तरी नाही. टोमॅटोचा फक्त देठाकडचा भाग आला, खालचा अर्धा तसाच दुधट. हायपोत, म्हणजे उजेड न लागलेले क्षार काढून टाकणाऱ्या रसायनात, गेल्यावर ते दुधट निघून गेलं आणि तिथे फिल्म पारदर्शक झाली, म्हणजे टोमॅटोचा पिकलेला भाग फिल्मने बघितलाच नव्हता, हे असं हातात धरून दिसतं. मी बाथरूममध्येच ओरडलो, बाहेरून विचारणा झाली काय पडलं म्हणून. एक सांगतो, डोळ्यावर फार विसंबू नये, हायपोत जाण्याआधी फिल्म आहे त्यापेक्षा जास्त काळी वाटते आणि माणूस घाईने बाहेर काढतो, त्यामुळे लाल दिवा असला तरी घड्याळ पाहिजेच. आणि वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते आणि आपल्या मोऱ्या शेवटी जातात कुठे ते नाशिककरांना सांगायला नको.

सगळ्याला ही फिल्म चालते असं अजिबात नाही. आभाळ पांढरंफटक येतं, ब्रह्मगिरीवर पावसाळ्यात ढग उतरतात ते हिच्यावर काढायला जाऊ नये. माणसांचे चेहरे काळवंडतात, मुरुमांचे डाग, उन्हाने रापलेली कातडी सगळं वाढवून दाखवते, जुने स्टुडिओवाले तोंडाला पावडर फासायचे आणि वर निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटच करायचे ते उगीच नाही. संध्याकाळी तर तिचा स्पीडच पडतो, दिव्याच्या पिवळ्या उजेडात ८० ची ४० धरायला कंपनीच सांगते, म्हणजे रामकुंडावरच्या आरतीला कॅमेरा घरी ठेवलेला बरा. २०२७ च्या सिंहस्थात भगवे झेंडे आणि छाट्या हिच्यावर काळपट येतील. मी तेव्हा एचपी-५ च भरणार.

आता मुद्द्यावर येतो. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमा आला, फिल्म धुवायचं काम घरात सरस्वतीबाई करायच्या, त्या काळची सिनेमाची फिल्म पण अशीच लालला आंधळी. तारामती झालेल्या साळुंक्यांचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं हे ती फिल्म बघून कोणी सांगू शकणार नाही, लाल, मरून, काळा, सगळे तिथे एकाच जागी जाऊन बसलेत. म्हणून प्रत्येक काळं लुगडं लालच होतं असंही माझं म्हणणं नाही बरं का, चंद्रकळा खरीच काळी असायची आणि बायका हौसेने नेसायच्या. म्हणणं एवढंच की फोटोवरून ते ठरत नाही, मग ॲप कुठून ठरवणार, ते आपलं ठोकून देतं आणि पेपरात छापून आलं की लोक खरं धरतात. पुढच्या पिढीला वाटेल आपल्या आज्या-पणज्या जन्मभर राखी रंगात वावरल्या, आणि ज्यांनी जुने पैठणी-शालू हातात घेतलेत त्यांना विचारा किती भडक, किती लाल असायचे.

तेव्हा दोन विनंत्या. रंगीत छापायचंच असेल तर मूळ काळा-पांढरा फोटो शेजारी छापा, लहान का असेना, आणि रंग अंदाजाने भरलेत असं खाली स्पष्ट लिहा. दुसरी विनंती वाचकांना आहे, पण तुमच्या पेपरातूनच जाईल म्हणून इथे लिहितो. नाशकात अजून बऱ्याच घरात पेटीच्या तळाशी पणजीचा शालू डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला असतो आणि तोच नेसून काढलेला फोटो भिंतीवर असतो. असा जोड ज्यांच्याकडे असेल त्यांनी शालू उन्हात पसरून त्याचा मोबाईलवर रंगीत फोटो काढावा आणि जुन्या फोटोसकट तुमच्याकडे पाठवावा. तुम्ही ते दोन्ही शेजारी शेजारी छापा, मग ॲपची गरज नाही.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक