दिल्याचं खातं आणि माझी गाडी

कराड,
१२ जुलै

प्रिय सुध्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ओरडायला लागतोस आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं ओरड. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे, माझी शुगर आटोक्यात आहे.

बँकेने गाडीचं कर्ज नाकारलं. छोट्या हत्तीसाठी पाच लाखांचं प्रकरण दिलं होतं. साहेबांनी रिटर्न पाहिले, बेकरीचं स्टेटमेंट पाहिलं, सुषमाने नेलेली नानकटाईसुद्धा खाल्ली. मग पॅन नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, ६१२. म्हणाले, "तुमचं स्वतःचं एकही कर्ज थकलेलं नाही, पण जामीनदार म्हणून एक खातं आहे, ते सेटल्ड दिसतंय."

कुठलं खातं ते तुला सांगायला नको. आपल्या दिल्याचं, २०१९ मध्ये त्याच्या मशीनच्या कर्जाला मी जामीन राहिलो ते. 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं.

घरी येऊन सगळा रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिलचा मिळतो, तसा बाकीच्या तीन कंपन्यांचाही. प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, आणि हप्ता किती दिवस लांबला तो आकडा त्या महिन्याच्या चौकटीत. वेळेवर भरला असेल तर तीन शून्यं. दिल्याच्या खात्यात एप्रिल २०२१ पर्यंत ओळीने शून्यं आहेत. सुध्या, तो दवाखान्यात गेला त्या महिन्याचाही हप्ता गेलाय! कुणी भरला असेल रे? ओंकार तेव्हा एवढासा. वहिनींनीच कुठून तरी भरला असणार. मग जूनच्या चौकटीत ०३०, पुढे ०६०, ०९०, आणि तिथून आकडे वाढतच जातात. त्या चौकटींकडे मी रात्री उशिरापर्यंत बघत बसलो होतो. आपण तिघं त्या महिन्यांत काय करत होतो ते आठवत होतो. आपण दोघं, म्हणायला पाहिजे.

आता तू म्हणणार, मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं होतंस. २०१९ मध्ये, स्टँडच्या कँटीनला, आख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं. 'जामीन म्हणजे नुसती सही नव्हे, त्याच्याएवढंच कर्ज तुझ्या डोक्यावर,' हे तुझं वाक्य मला पाठ आहे. कायदाही तेच सांगतो. १८७२ च्या करार कायद्याचं १२८वं कलम, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. तुझं बरोबर होतं आणि तरीही माझी सही बरोबर होती. दिल्याचं वर्कशॉप चालत होतं, मशीन आली तसं कामही दुप्पट झालं होतं. उद्या तो उठून आला आणि कागद पुढे सरकवला तर मी परत सही करीन. त्या दिवशी रागारागाने तू चहाचे पैसे न देताच निघून गेलास. ते दिल्यानेच दिले, म्हणजे ते देणंही तुझ्याकडे बाकी आहे.

आणि सेटलमेंटच्या वेळी वीस हजार कुणी पाठवले तेही मला माहीत आहे. वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.

गाडी का हवी तेही ऐक. मसूर-उंब्रजची लाइन आता मोठी झालीय. मोटरसायकलवर मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे बांधून पोरगा निघतो, वरून प्लास्टिक. पावसात प्लास्टिकच्या कडेने पाणी आत उतरतं. खारी दमट झाली की दुकानदार डबा उघडतो, एक खारी उचलतो, बोटाने दाबतो. कडक वाजली नाही की डबा परत. बटर-टोस्टचं एवढं नाही, ते रस्त्याचे धक्के सोसतात. खारीचा मात्र खड्ड्याखड्ड्याला चुरा होतो. भाड्याचा टेम्पो लावला तर नफा टेम्पोवाल्याच्या खिशात.

बँकेने नाही म्हटल्यावर एक फायनान्सवाला एजंट दुकानावर आला. पोरगा गोड बोलणारा. "सिबिलचं टेन्शन घेऊ नका अण्णा, फक्त महिना एक टक्का." एक टक्का ऐकून सुषमाचा चेहरा खुलला. रात्री मी वहीवर मांडलं. पाच लाखांवर वर्षाला बारा टक्के सरसकट, तीन वर्षं, म्हणजे व्याज १,८०,०००. हप्ता १८,८८९. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण पाच लाखांवर. बँकेचा दर होता ११ टक्के घटत्या शिलकीवर, त्याचा हप्ता साधारण १६,३७० आणि तीन वर्षांचं व्याज ९० हजारांच्या आत. म्हणजे एजंटचा एक टक्का बँकेच्या भाषेत २१ टक्क्यांच्या वर जातो. तुला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पडताळून बघ.

त्याला म्हटलं, 'की फॅक्ट स्टेटमेंट' दे, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद. ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं, फी-बी धरून वर्षाचा खरा दर त्यावर छापावा लागतो. तो म्हणाला, सहीच्या वेळी देऊ. मी म्हटलं, मग सहीचंही तेव्हाच बघू.

स्टँडसमोर आणखी एक जण आहे, पाच हजारांत सिबिल वाढवून देतो म्हणतो. खरी नोंद कुणालाही खोडता येत नाही, चुकीची असेल तर आपण स्वतः फुकट तक्रार करू शकतो. मी केली. सेटलमेंट होऊनही खात्यावर थकबाकी उभी दिसत होती, ती तक्रारीनंतर शून्य झाली. त्यांना तीस दिवसांत निकाल द्यावा लागतो, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. मला वेळेत मिळाला. पण 'सेटल्ड' हा शिक्का चुकीचा नाही, त्यामुळे तो तसाच राहिला.

हे वाचून तुझ्या मनात काय येणार ते मी ओळखतो. माझ्या नावावर घे म्हणशील. नको. आरसी तुझ्या नावावर, कर्जाचा बोजा तुझ्या नावावर, आणि मसूरच्या फाट्यावर उद्या कुणाला धक्का लागला तर मालक म्हणून समन्स डोंबिवलीला. माझ्या पोराच्या ड्रायव्हिंगसाठी तू कोर्टात का उभा राहायचंस? शिवाय तुझ्या पूर्वाचं शिक्षणाचं कर्ज व्हायचंय. तुझा रिपोर्ट स्वच्छ राहू दे.

मार्ग एकच दिसतोय आणि मी तो धरलाय. सेटलमेंटमध्ये बँकेने जे ६० हजार सोडले, ते आता भरायचे. पूर्ण रक्कम आली की खातं 'क्लोज्ड' होतं आणि नादेय (काही देणं नाही असा) दाखला मिळतो. लांबलेल्या हप्त्यांच्या चौकटी जशाच्या तशा राहतात, फक्त शेवटचा शिक्का बदलतो. नवीन नोंद आता पूर्वीपेक्षा लवकर वर जाते. गाडीच्या बँकेचे साहेब म्हणाले, शिक्का बदलून आणा, वहिनींना, म्हणजे सुषमाला, सहकर्जदार करा, स्वतःचे पैसे थोडे जास्त घाला, मी प्रकरण साताऱ्याला पाठवतो. मंजूर होईलच असं म्हणाले नाहीत. पण हिशेब बघ, साठ हजार भरून स्वस्त कर्ज मिळालं तर एजंटच्या मानाने तीन वर्षांत व्याजाचे नव्वद हजार वाचतात, साठ वजा जाता तीस हजार उरतात. नाही मिळालं तरी दिल्याच्या नावासमोरचं अर्धवट काही राहत नाही. मला ते दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस पैन् पै चुकती करणारा होता.

पैसे भिशीचे येतील. ते गाडीच्या मार्जिनसाठी ठेवले होते, त्यामुळे गाडी गणपतीऐवजी दिवाळीवर जाईल. पावसाळा डब्यांवरच काढायचा.

खरी काळजी वहिनींची आहे. खातं दिल्याचं, तेव्हा पावती आणि दाखला त्याच्या नावाने निघणार आणि पत्र त्यांच्या घरी जाणार. मागच्या वेळी त्यांनी पाटल्या मोडल्या. आता जर कळलं की दिल्याच्या कर्जामुळे माझी गाडी अडली, तर त्या गळ्यातलं काढून देतील, आणि मी नाही म्हटलं तर बोलणं टाकतील. ओंकार आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो शिकणं सोडून कामावर जायला बसलाय. त्यांच्यापासून लपवावं तर ते पत्र पोस्टमन नेऊन देणारच. सांगावं तर कसं? मी तोंड उघडलं की त्या रडतात आणि मग मलाही पुढे बोलवत नाही. तुझं त्या ऐकतात. कोरड्या आवाजात, हिशेबाच्या भाषेत, हे अन्याच्या फायद्याचं आहे, त्याचे व्याजाचे नव्वद हजार वाचतात, एवढंच तू सांगितलंस तर त्यांना ते पटेल. आणि ते खोटंही नाही.

पूर्वाला बारावीला चांगले मार्क मिळाल्याचं माईंकडून कळलं. तिला आमच्याकडून शाबासकी. तुझ्या बदलीचं काय झालं? नवीन घराला गळती आहे म्हणे, बिल्डरला लेखी कळव, तोंडी नको. सुलूला नमस्कार.

मी पुढच्या सोमवारी पैसे भरणार आहे. त्याच्या आत, रविवारी दुपारी वहिनी घरी असतात तेव्हा, त्यांना फोन कर. आधी मला कर, म्हणजे काय बोलायचं ते ठरवू. आणि वीस हजारांचं मी त्यांना सांगू का, तेही कळव.

तुझा,
अन्या