श्टुटगार्टहून आइंडहोव्हनला जाण्याआधी: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

देश शेजारचा, पैसा तोच, मग जर्मनीतून नेदरलँड्सला जाण्यात एवढं ठरवण्यासारखं काय, असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहितेय, म्हणजे आईलाही सावकाश वाचता येईल.

श्टुटगार्ट ते आइंडहोव्हन साधारण पाचशे किलोमीटर. सामानावर जकात नाही. जर्मन बँकेतलं खातंही चालतं, कारण युरोपीय संघातल्या कुठल्याही देशातल्या खात्यात पगार जमा करायला कंपनीला नकार देता येत नाही. पण राहण्याचा परवाना, कर, आरोग्य विमा आणि पेन्शन प्रत्येक देशाची वेगळी. भारतीय पासपोर्टवर एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात नोकरीला चालत नाही. फिरायला चालतो, तेही १८० दिवसांत ९० दिवसच. त्यामुळे कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं नंतर, हे चुकलं की सगळंच अडतं.

आधी परवाना. जर्मनीत ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना) १२ महिने राहिलं की संघातल्या दुसऱ्या देशात ब्लू कार्डासाठी थेट अर्ज करता येतो. डेन्मार्क आणि आयर्लंड तेवढे या व्यवस्थेत नाहीत. नेदरलँड्सला पोचल्यापासून महिन्याच्या आत अर्ज जायला हवा. पूर्ण अर्ज दाखल झाल्यावर काम सुरू करायला जास्तीत जास्त ३० दिवस थांबावं लागतं. नवऱ्याचा आणि मुलीचा अर्ज सोबतच करायचा. निखिलला तिथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येईल. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून मुद्दाम लिहिते: नेदरलँड्सने नाही म्हटलं तरी आम्ही अधांतरी राहत नाही. पहिल्या देशाने, म्हणजे जर्मनीने, कुटुंबाला परत घ्यावंच लागतं.

तिथे 'केनिसमिग्रांट' नावाचा आणखी एक परवाना आहे. बऱ्याच कंपन्या तोच काढून देतात, कारण तो लवकर मिळतो. माझं मत ब्लू कार्डाच्या बाजूने आहे. संघाचा दीर्घकालीन रहिवासी परवाना मागताना ब्लू कार्डवाल्यांची दोन देशांतली वर्षं एकत्र धरतात: एकूण ५ वर्षं, त्यातली शेवटची २ ज्या देशात अर्ज करायचा तिथली. म्हणजे जर्मनीतली वर्षं वाया जात नाहीत. नागरिकत्वाचं मात्र तसं नाही. तिथे डच भूमीवरची ५ वर्षं पहिल्यापासून मोजतात. जर्मनीचा कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी, बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी मिळतो. पण तो घेऊन देश सोडला तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत तो संपतो. 'परत येऊ तेव्हा असू दे' म्हणून तो जपून ठेवता येत नाही.

पगाराचा आकडाही नीट बघावा लागतो. डच कंपन्या वर्षाचा आकडा सांगतात तेव्हा त्यात बहुतेकदा ८ टक्के सुट्टीभत्ता धरलेला असतो, आणि तो सहसा मे महिन्यात एकदम देतात. ब्लू कार्डासाठी जी किमान मासिक रक्कम लागते ती या भत्त्याशिवायची, आणि ती दर १ जानेवारीला बदलते. आकडा काठावर असेल तर अर्ज इथेच फसतो.

बाबा, करसवलतीचं तुम्ही विचारलं होतं. बाहेरून बोलावलेल्या कुशल माणसाच्या पगारातला ३० टक्क्यांपर्यंतचा भाग ५ वर्षं करमुक्त देता येतो. २०२७ पासून तो २७ टक्के. अट अशी की पहिल्या कामाच्या दिवसाआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ पेक्षा जास्त महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा लांब राहिलेलं असावं. त्यामुळे क्योल्न, ड्युसेलडॉर्फ, आखेनकडची माणसं यातून बाद होतात. बेल्जियममधून येणारे तर सगळेच. श्टुटगार्ट पुरेसं लांब आहे. दुसरी अट जास्त लोकांना नडते: करारावर सही होते तेव्हा माणूस नेदरलँड्सबाहेर राहत असला पाहिजे. 'आधी जाऊन स्थिरावू, मग नोकरी बघू' असं केलं की सवलत गेली. कंपनी आणि कर्मचारी मिळून अर्ज करतात. काम सुरू झाल्यापासून ४ महिन्यांत तो गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तर मधले महिने बुडतात. ज्या वर्षी देश बदलतो त्या वर्षाचं विवरणपत्र दोन्हीकडे भरायचं, आणि डच बाजूला त्यासाठी वेगळा 'एम' फॉर्म असतो.

घराचं गणित सगळ्यात किचकट. जर्मनीत घर सोडण्याची सूचना तीन महिन्यांची. ती सही केलेल्या कागदावरच द्यायची, ईमेल चालत नाही, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. चौथ्या दिवशी पोचली की एक भाडं जास्त. नवा करार सही होऊन हातात येईपर्यंत ही सूचना द्यायची नाही, दोन भाडी थोडे दिवस अंगावर आली तरी चालतील. नेदरलँड्समध्ये 'काल' (kaal, म्हणजे उघडं) लिहिलेलं घर म्हणजे जमिनीवरचं आवरणसुद्धा नाही, नुसतं काँक्रीट. 'खेस्टोफेअर्ड' म्हणजे जमिनीवरचं आवरण आणि पडदे आहेत. लाकडी फ्लोअरिंग आधीच्या भाडेकरूने उचलून नेलं हे ऐकून आईला नवल वाटेल, पण इथे जर्मनीत लोक स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटं नेतात, तसंच ते. २०२३ च्या जुलैपासूनच्या करारांना अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, आणि मालकासाठी काम करणाऱ्या दलालाला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडायची नाही. 'या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही' असं मालक म्हणाला, तर घर कितीही छान असो, घ्यायचं नाही. पोचल्यापासून ५ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यातून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, विमा, डॉक्टर, शाळा सगळं त्यावर चालतं.

तुमच्या दृष्टीने घरात मी आणखी एक बघणार आहे. तिकडची ओळीतली घरं उभी असतात: खाली दिवाणखाना आणि छोटं शौचालय, न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या वर, जिना अरुंद आणि चांगलाच चढा. बाबांच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. म्हणून एका मजल्यावरचं, लिफ्ट असलेलं घर शोधायचं, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

आरोग्य विमा जर्मनीत पगाराच्या टक्केवारीने कापतात, आणि नोकरी नसलेला जोडीदार त्यातच मोफत येतो. नेदरलँड्समध्ये १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने आपापला मूळ विमा घ्यायचा. मुलांना हप्ता नाही. मुदत ४ महिन्यांची असली तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा लावतात, त्यामुळे थांबून काही वाचत नाही. वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून, पण फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यात धरत नाहीत. मोठ्यांचे दात मूळ विम्यात नाहीत, म्हणून दातांची कामं जर्मनीतच उरकायची. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, आधी फॅमिली डॉक्टर. काही डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, तेव्हा घर ठरलं की त्याच आठवड्यात नाव नोंदवायचं.

रेवाची काळजी करू नका. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, तिकडे मुलं चौथ्या वर्षी जाऊ लागतात आणि पाचव्या वर्षापासून ते सक्तीचं. ती पाच वर्षांची, म्हणजे थेट दुसऱ्या गटात बसेल. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा भाषावर्ग असतो, पण तो प्रत्येक शाळेत नसतो. शाळा बघूनच घराचा भाग ठरवायचा. लसीकरणाची पिवळी पुस्तिका हातातल्या पिशवीत.

जर्मनी सोडताना पत्ता रद्द करण्याची नोंद घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून, सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. त्याचा कागद सांभाळायचा. विमा, वीज, इंटरनेट आणि महिना १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी बंद करताना तोच दाखवावा लागतो. बालभत्ता देणाऱ्या कार्यालयाला स्वतःहून कळवायचं. नाहीतर जास्तीचे दिलेले पैसे पुढे एकरकमी परत मागतात. पेन्शन बुडत नाही: दोन्ही देशांतली वर्षं पात्रतेसाठी एकत्र मोजतात आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांचं देतो.

आता तुमचं. खरं सांगायचं तर आई-वडिलांना कायमचं बोलावून घ्यायची सोपी वाट नेदरलँड्समध्ये नाही. जर्मनीत आहे, पण ज्यांना पहिला परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला त्यांच्यासाठीच; माझा त्याआधीचा. म्हणजे इथे राहिलो काय, तिकडे गेलो काय, तुमचं येणं पाहुण्यांच्या व्हिसावरच. त्याचे ९० दिवस सगळ्या शेंगेन देशांचे (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचे) मिळून मोजतात. जर्मनीत ३० दिवस घालवले तर पुढे नेदरलँड्ससाठी ६० उरतात. पुढचा अर्ज डच व्हिसाचा करायचा, कारण मुख्य मुक्काम तिथे. शुल्क माणशी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. माझ्याकडून हमीचा डच फॉर्म लागेल. नगरपालिकेत सही साक्षांकित करून मूळ प्रत कुरिअरने पाठवीन. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना एक फायदा आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेले असतील तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. जर्मनीचे व्हिसेही त्यात मोजतात, म्हणून जुने पासपोर्ट जपून ठेवा.

आणि एक काम तुमच्याकडे. माझा जन्मदाखला आणि आमचा विवाहदाखला तिथे अपॉस्टिलसह (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र) लागतो. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. बाबा, माझ्या जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे का, तेवढं बघा. त्या काळच्या बऱ्याच दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. कोरी असेल तर महापालिकेत नाव घालून नवीन प्रत घ्या. ती मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल तर भाषांतर लागत नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते अपॉस्टिलला देण्याआधी तपासा. विवाहदाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे, ते तसंच राहू द्या. दोन्हींचे फोटो काढून मला पाठवा, म्हणजे पुढे द्यायच्या आधी मी बघून घेईन.

तुमची,
मेघना