दिप्या, तुझा फोन का उचलत नव्हतो ते सांगतो

दिप्या,

दीड वर्ष झालं. फोन उचलला नाही, वाढदिवसाला नुसता अंगठा पाठवला, शेवटी तू चिडून "मेलास का रे" असं लिहिलंस तो मेसेज अजून तसाच ठेवलाय. मेलो नाही. तब्येत ठीक, आईचा गुडघा ठीक, माझी पाठ दुखते ती दुखतेच. आता मुद्द्याचं लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, तुला नाही लागणार.

परवा एका डॉक्टरबाईंनी माझ्या केसपेपरवर एक ओळ लिहिली आणि मी त्यांच्यासमोर रडलो. बाबा गेले तेव्हाही मी धड रडलो नव्हतो, तू होतास, तुला माहितीये. ओळ एवढीच होती की एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे माझी ती डिप्रेशनची गोळी, बंद केल्यानंतरही टिकून राहिलेला लैंगिक त्रास. पुढे कंसात चार अक्षरं, पीएसएसडी, याच त्रासाचं इंग्रजी नाव.

गोळ्या सुरू कशा झाल्या ते तुला आठवत असेलच. मी नको नको म्हणत होतो आणि तू मला स्कूटरवर मागे बसवून नेलंस, वाटेत सिग्नलला मान वळवून ओरडलास, "ताप आल्यावर गोळी घेतोस ना, मग हीपण गोळीच आहे." आणि त्या गोळ्यांनी मला उठवलं हे मी आजही कुणापुढेही सांगेन. दीड महिन्यात झोप लागायला लागली, पंख्याकडे बघत पडून राहणं थांबलं. पण पहिल्याच आठवड्यात खालचं सगळं बधिर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चालू असताना होतं असं, बंद केली की जाईल. १४ महिन्यांनी त्यांच्याच देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद केली. त्याला आता तीन वर्षं होतील. गेलं नाही.

कसं ते तुला नीट सांगतो, लाजून उपयोग नाही. आंघोळीला गरम पाणी अंगावर घेतलं की मांडीला चटका कळतो, आणि तिथून चार बोटं आत गेलं की नुसतं ओलं लागतं, गरम की गार ते कळत नाही. ती हद्द कुठे आहे ते मी नखाने आखून दाखवू शकतो, कारण रोज सकाळी मी ती तपासतो, आज सरकली का म्हणून. शेवट होतो तेव्हा शिंक आल्याइतकंही सुख होत नाही. आणि ही ओले केस पुसत समोरून जाते, छान दिसतेय हे कळतं, पण कळतं तेवढंच, पोटात काही हलत नाही. माझं प्रेम कमी झालंय का असं तिने एकदाच विचारलं, पुन्हा नाही विचारलं, आणि ते न विचारणं मला जास्त लागतं.

मग सुरू झाली डॉक्टरांची रांग. एक म्हणाले डिप्रेशन परत आलंय, तीच गोळी पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासलं, नॉर्मल आलं, म्हणाले मनाचं आहे, लग्न झालंय ना, मग टेन्शन कसलं. तिसऱ्यांनी सिल्डेनाफिल दिली, म्हणजे व्हायग्रा, तिने रक्त पोचतं पण जाणीव पोचत नाही. त्यानंतर ब्युप्रोपिऑन, डिप्रेशनचीच दुसरी गोळी. माझी आधीची गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करायची, ही तसं करत नाही, डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या रसायनांवर करते म्हणून आशा होती. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस, फक्त एक दिवस, काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं, मी वेड्यासारखा खूश झालो, हिला उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तीन महिने झोप उडवून, छातीत धडधड सोसून ती बंद केली. मग बस्पिरॉन, चिंतेवरची गोळी, तिने नुसती चक्कर आली.

आणि मग मी चूक केली. रात्र रात्र जागून वाचायचो, त्यात सायप्रोहेप्टाडिन सापडलं, ॲलर्जीचं औषध, ते सेरोटोनिनला अडवतं. कुणाला न विचारता घ्यायला लागलो. दोन दिवस इतका झोपलो की ही घाबरली, उशीखाली स्ट्रिप सापडली, आणि आमचं जे भांडण झालं तसं आपलं कॅरमच्या राणीवरूनही झालं नव्हतं. (राणी तूच लपवली होतीस. अजून कबूल कर.) त्यानंतर याच बधिरपणावर लेझरने उपचार केल्याचा २०१५ चा एक संशोधन पेपर सापडला, त्यासाठी मी कर्ज काढायला निघालो होतो, आणि तो अख्खा पेपर एकाच पेशंटवरचा होता हे हिने वाचून दाखवलं.

या बाईंनी मात्र आधी पाऊण तास ऐकलं. मग डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा फिरवला, मग ट्यूनिंग फोर्कची थंड दांडी. "कळलं?" कळलं. "आता?" नाही. "आता?" नाही. कागदावर खुणा करत होत्या, पेनाचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, तुम्ही सांगताय ते खरं आहे. २००६ पासून याला नाव आहे, २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ही सूचना घालायला लावली. म्हणजे दिप्या, मला जेव्हा मनाचं आहे म्हणून परत पाठवत होते ना, तेव्हा हे छापून झालेलं होतं! पुढे म्हणाल्या, सिद्ध झालेला उपचार आज नाही, काहींचं काळाने कमी होतं, तुमचं होईल का ते मी सांगू शकत नाही. नवीन गोळी लिहिली नाही. दुष्परिणामाची नोंद वर पाठवते म्हणाल्या, बास. एवढ्या डॉक्टरांच्या उपायांनी जे झालं नाही ते त्या "नाही" ने झालं, त्या रात्री मी झोपलो.

पण आता पुढे काय ते कळत नाही. ही म्हणते एक वर्ष काही शोधू नकोस, काही घेऊ नकोस. मला वाटतं थांबलो म्हणजे हरलो, आणि शोधत राहिलो तर पुन्हा उशीखाली स्ट्रिप. आणि रात्री भीती वाटते ती वेगळीच, ते जुनं दिवस दिवस पडून राहणं परत आलं तर मी कुठली गोळी घेऊ?

आता फोनचं. मला तुझा राग होता. रोज सकाळी ती हद्द तपासताना तुझा सिग्नलवरचा आवाज ऐकू यायचा. तू मला वाचवलंस आणि मी तुलाच धरून बसलो होतो. तुला काय किंवा मला काय, तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं की असं राहू शकतं. सांगितलं असतं तरी कदाचित घेतली असती, पण माहीत असून घेतली असती. माफ कर रे.

ताईंना तसलीच गोळी चालू आहे असं काकूंकडून कळलं. माझं हे वाचून त्यांची गोळी एकदम बंद करायला लावू नकोस, तसं करणं वाईट, आणि माझ्यासारखं सगळ्यांना होत नाही. फक्त काही बधिरपणा वाटतो का ते त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं, न लाजता.

तुझ्या नव्या नोकरीचं अभिनंदन, उशिरा का होईना. चिमणीचा पुढचे दात पडलेला फोटो बघितला, हुबेहूब तू. वहिनींना नमस्कार, त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

रविवारी सकाळी फोन करतो. उचल. आणि उपाय सुचवू नकोस, पहिली दहा मिनिटं नुसत्या शिव्या घाल.

तुझा,
आण्ण्या