काका, तुमचं भिंग अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काका,

सा.न.वि.वि. लिहिलं होतं आधी, मग खोडलं, कारण तुम्ही म्हणणार सरळ बोल की. तर सरळ बोलते. संविधान दिनाचं प्रदर्शन झालं, दणक्यात झालं, आणि गेले आठ दिवस जो तो मला म्हणतोय काय अभ्यास केलास गं, आणि मी आपली हसून मान डोलावतेय. ते आता सहन होईना म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, तुम्ही फोनवर दोनदा बजावलंय.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही साताऱ्यात वाचनालय चालवतो. सातारा म्हटलं की बाबासाहेब इथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले ते सगळ्यांना पाठ आहे, त्यावर दरवर्षी काही ना काही होतंच. मला वाटलं यंदा त्या पोरानं पुढे जाऊन जिथं बसून देशाचं संविधान घडवलं ती इमारत दाखवू, म्हणजे दिल्लीचं जुनं संसद भवन, ज्याला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. नेटवरून बावीस फोटो उतरवले, खाली कॅप्शन होतीच, ती मराठीत केली, आणि एक मोठा फ्लेक्स तर छापूनही घेतला. मग बाबांचे मित्र म्हणाले, पुण्यात एकजण आहेत, चाळीस वर्षं डार्करूममध्ये काढलीत, त्यांना एकदा दाखव. मी मनात म्हटलं, आता दाखवून काय उपयोग, पण आले.

काका, तुम्ही माझी कॅप्शन वाचलीच नाहीत हो! डायनिंग टेबलावरचा लोणच्याचा सट बाजूला सारला, पहिला फोटो ठेवला, त्यावर ते पितळी कडेचं भिंग ठेवलं आणि विचारलंत, "हे कोण बसलंय?" म्हटलं गांधीजी. "एवढे मोठे होऊन संसदेच्या दारात कधी बसले?" मला कळेचना. फोटो काळापांढरा, खाली लिहिलेलं "संविधान सभेची पहिली बैठक, ९ डिसेंबर १९४६". आणि समोर तो बसलेल्या गांधीजींचा सोळा फुटी पुतळा, जो २ ऑक्टोबर १९९३ ला बसवला. करणारे राम सुतार, आपल्या धुळ्याकडच्या गोंदूरचे, आणि १९४६ साली ते स्वतः एकवीस वर्षांचे. म्हणजे कुणीतरी अलीकडचा रंगीत फोटो घेऊन त्यातला रंग काढला, वर थोडा दाणेदारपणा टाकला आणि दिला सोडून. तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय, "रंग काढला म्हणून फोटो म्हातारा होत नाही गं."

आणि नेमका हाच मी सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापला होता. ते तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही, चहा प्यायले आणि गप्प बसले.

मग तुम्ही एकेक फोटो असा घेतलात की मला आपण शाळेत काय बघायला शिकलो असं वाटायला लागलं. "१५ ऑगस्ट १९४७ ची सकाळ" असं लिहिलेल्या फोटोत कडेला अँबॅसेडर उभी होती, ती गाडी १९५७ च्या आधी नव्हतीच, तो गेला. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांच्या बॉम्बचा बोर्ड मी सेंट्रल हॉलच्या फोटोखाली लावला होता, तर तुम्ही म्हणालात ८ एप्रिल १९२९ ला बॉम्ब पडला तो इंग्रजांच्या काळातल्या केंद्रीय असेंब्लीच्या सभागृहात, जिथं पुढे लोकसभा बसली, सेंट्रल हॉल तेव्हा लायब्ररी होती, पुस्तकांत कोण बॉम्ब टाकेल. तो बोर्ड हलवला. मध्य प्रदेशातल्या गोल चौसष्ट योगिनी मंदिरावरून ही इमारत बेतली असं मी ठसठशीत लिहिलं होतं, तेही काढायला लावलंत, दोन गोष्टी गोल आहेत म्हणजे एकीवरून दुसरी काढली असं होत नाही म्हणून. मला वाईट वाटलं, ते वाक्य मला फार आवडलं होतं. पण वास्तुरचनाकार लुटियन्स आणि बेकर, १९२१ ला पायाभरणी, १८ जानेवारी १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते उद्घाटन, बाहेरचे १४४ खांब, खर्च ८३ लाख, एवढं राहिलं ते खणखणीत राहिलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो मध्यरात्रीचा फोटो. १४ ऑगस्ट १९४७, रात्री अकराला बैठक सुरू झालेली, हॉल खचाखच, वर सभेचे अध्यक्ष राजेंद्रबाबू. माझ्याकडे त्याचे दोन फोटो होते, दोन्हींवर तीच तारीख. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवलेत आणि म्हणालात फरक सांग. मी टोप्या मोजल्या, पंखे मोजले, काही सापडेना. मग तुम्ही भिंग अध्यक्षांच्या मागच्या भिंतीवर सरकवलंत. एका फोटोत तिथं गांधीजींचं मोठं तैलचित्र आहे, दुसऱ्यात नाही. ते चित्र ऑस्वल्ड बर्लीनं काढलेलं, आणि राजेंद्रबाबूंनी त्याचं अनावरण केलं २८ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तेरा दिवसांनी. म्हणजे ज्यात चित्र आहे तो त्या रात्रीचा असूच शकत नाही. आणि मग तुम्ही जरा थांबून म्हणालात, त्या रात्री बापू त्या हॉलमध्ये नव्हते, भिंतीवर पण नव्हते, ते कलकत्त्यात बेलियाघाटाला दंगल शमवत होते. हे मला माहीत होतं काका, पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या रिकाम्या भिंतीवर भिंग धरून बघितलं तेव्हा पोटात कसंतरीच झालं.

त्या रात्रीच्या बोर्डवर मग मी नेहरूंचं भाषण टाकलंच नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलंय. सुचेता कृपलानींनी म्हटलेलं वंदे मातरम् आणि हंसा मेहतांनी देशातल्या बायकांतर्फे सभेला दिलेला राष्ट्रध्वज, हे दोन टाकले. आमच्याकडच्या बचतगटाच्या बायका त्या बोर्डापुढून हलत नव्हत्या.

१९४६ च्या डिसेंबरच्या फोटोंबद्दल पण तुम्हीच सांगितलंत की उतरत्या पायऱ्यांवर हिरवा गालिचा होता आणि सदस्यांची डेस्कं विजेवर गरम व्हायची, दिल्लीची थंडी ना. काळ्यापांढऱ्या फोटोत हिरवं कसं दिसणार, म्हणून मी बोर्डाच्या खाली खरा हिरवा कापडाचा तुकडा चिकटवला, तुम्हाला हे विचारलं नव्हतं, चिडू नका. आणि बाबासाहेबांच्या बोर्डावर पोरांचा जो गोंधळ उडाला तो तर बघायला हवा होतात. १७ डिसेंबर १९४६ ला ते सभेत बोलले तेव्हा ते बंगालमधून निवडून आलेले सदस्य होते, फाळणीत ती जागा गेली, आणि मग आपल्या बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून परत आले. साताऱ्याच्या पोरांना हे पटतच नव्हतं, आमचे बाबासाहेब बंगालचे कसे काय मॅडम! म्हटलं तेच तर वाचा की खाली.

होमाईबाईंची गोष्ट पण तुम्ही सांगितली म्हणून घेतली. छायाचित्रकार होमाई व्यारावाला, जे.जे.त शिकलेल्या, १९४२ ला दिल्लीला गेल्या, आणि साडी नेसून, तो अवजड कॅमेरा घेऊन पुढाऱ्यांच्या घोळक्यात उभ्या राहायच्या. गाडीचा नंबर डीएलडी १३ म्हणून टोपणनाव डालडा १३. हे सांगताना तुम्ही जे हसलात ना, तसं मी तुम्हाला पूर्ण दुपारभरात एकदाच हसताना बघितलं.

शेवटी बावीसातले नऊ फोटो उरले. मी रडवेली झाले होते, परवावर कार्यक्रम आणि नऊच फोटो, भिंती उघड्या पडणार. तुम्ही म्हणालात मोठे करू नकोस, नेटवरचे फोटो ताणले की चेहऱ्यांचं पीठ होतं, पोस्टकार्डाएवढे लाव आणि शेजारी भिंग टांग, माणसं आपोआप जवळ येतील. आणि स्वतःचं भिंग काढून दिलंत. ज्याला तुम्ही घरातल्या कुणाला हात लावू देत नाही असं काकू दारात मला हळूच म्हणाल्या, ते भिंग! एसटीत मी ते ओढणीत गुंडाळून मांडीवर धरून आणलं, स्वारगेट ते सातारा.

आणि खरंच आले हो लोक जवळ. रांग लागली भिंगासाठी. एक आजोबा अर्धा तास एकाच फोटोपुढे, संविधान सभेतले काकासाहेब गाडगीळ शोधत होते, कुणी मदत केली तर हाकलत होते. ज्या दोन फोटोंची तारीख आपल्याला लागली नाही त्यांच्याखाली तुम्ही सांगितल्याप्रमाणे "तारीख माहीत नाही" एवढंच लिहिलं. कमिटीतल्या एकानं विचारलंच, बरं दिसतं का असं लिहिलेलं, मी म्हटलं पुण्याहून तसा आदेश आहे.

आता तो फ्लेक्स. तुम्हाला आत्ता कळतंय, पण छापून झाला होता, सुतळी ओवून तयार होता, पैसे गेले होते. टाकवेना. मग मी तो दारातच लावला, पहिली बैठक वगैरे सगळं तसंच ठेवून, आणि वर मार्करनं मोठं लिहिलं, "या फोटोची तारीख चुकली आहे. कशावरून?" खाली वही बांधली. बहुतेकांनी पुतळा ओळखला, काहींनी सालासकट. एकानं लिहिलं "इतकी स्वच्छता १९४६ ला नसते", त्याला मार्क नाहीत. पण सातवीतल्या एका पोरानं काय लिहिलं माहितीये? "डावीकडून तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये मागे एसीचा डबा दिसतो." मी स्टूल घेऊन चढले, बघितलं, आहे! अगदी स्पष्ट आहे. सहा बाय चारवर तर भिंगही लागत नाही.

काका, खरं सांगा, तुम्हाला तो त्या दिवशी दिसला होता की पुतळ्याच्या नादात आपल्या दोघांच्याही नजरेतून सुटला? रविवारी भिंग द्यायला येतेय, तेव्हा तोंडावर विचारणार आहे. येताना कंदी पेढे आणते, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
साताऱ्याची फ्लेक्सवाली